कोकणातल्या लग्नांत पाहुण्यांसाठी अ‍ॅप बनवतोय. ते खपवायचं कसं?

मुळात अ‍ॅप नकोच. दोन दिवसांच्या लग्नासाठी कोण डाउनलोड करणार? व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक द्या. पान हलकं ठेवा आणि असं बनवा, की एकदा उघडल्यावर रेंज गेली तरी दिसेल. गुहागरकडे ती जातेच. पानावर पाहुण्याचं जिथे अडतं तेवढंच: चिपळूण स्टेशनवरून गाडी कधी, दाभोळ-धोपावे फेरीबोट शेवटची किती वाजता, उतरायचं कुणाकडे. क्यूआर कोड पत्रिकेवर छापा, मांडवात नको. तोवर माणूस पोचलेला असतो.

यजमानाच्या मागे लागू नका, तो एकदाच घेणार (निदान तशी अपेक्षा!). कार्यालयवाले, केटरर, होमस्टेवाले धरा. पहिली २-३ कार्यं फुकट करून द्या, मे महिन्यात चाकरमानी आले की बातमी तेच मुंबईला नेतील. आणि आजोबांसाठी फोन नंबर मोठ्या अक्षरांत ठेवा.