बाहेर जेवताना नेमके काय विचारावे?

वीगन आहार, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाण्याचा आहार, नुकताच सुरू केला असेल, तर उपाहारगृहात ‘हे वीगन आहे का?’ एवढेच विचारून थांबू नका, कारण वाढणाऱ्याला त्या शब्दाची व्याप्ती ठाऊक असेलच असे नाही. त्याऐवजी दूध, लोणी, अंडी, मध, मासे अशी नावे घेऊन विचारा. खरी मेख दिसणाऱ्या पदार्थात क्वचितच असते: भाज्यांचे सूप पुष्कळदा हाडांच्या अर्कावर बेतलेले असते, वूस्टरशायर सॉसमध्ये परंपरेने अँकोव्ही मासे असतात, आणि पार्मिजानो रेज्जानो चीजसाठी दूध साकळवताना वासराच्या जठरातील रेनेट वापरत असल्यामुळे ते काटेकोर शाकाहाऱ्यांनाही चालत नाही. (मेनूवर पदार्थापुढे छापलेले हिरव्या पानाचे चिन्ह पाहून निर्धास्त होणारे मला जरा भाबडेच वाटतात.) तळणीचे तेल वेगळे आहे का, हेही विचारा, बटाट्याचे काप मासळीच्याच कढईतून निघालेले असू शकतात. शक्यतो गर्दीची वेळ टाळून आधी फोन करा, म्हणजे स्वयंपाकघरातून नीट उत्तर मिळते. मुख्य पदार्थांत काहीच जमत नसेल, तर सोबतचे दोन-तीन पदार्थ एकत्र मागवा. चांगला आचारी त्यातून पोटभर ताट जुळवून देतो.