स्टार्टर टक टक करतोय आणि डीलर म्हणतोय, वायरिंगला हात लावला, वॉरंटी संपली

कागलजवळच्या एका वाचकाने विचारलंय. आठ महिन्यांपूर्वी लोन काढून ६८ हजारांचा पेट्रोल इंजिनवरचा प्रेशर वॉशर घेतला, सेल्फ स्टार्टवाला. ट्रॉल्या, गोठे, पाण्याच्या टाक्या, पुरानंतर घरातला चिखल, अशी कामं स्वतः करतात, हाताखाली एक पोरगा आहे. सेल्फ पहिल्यापासून दगा देतोय. डीलरने एकदा बॅटरी चार्ज करून दिली, एकदा बदलून दिली. तिसऱ्यांदा कोण आलंच नाही म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात वायरमनकडे नेलं, त्याने अर्थिंगची वायर बदलली, आणि आता डीलर हात वर करून मोकळा.

दादा, आधी एक सांगतो, आता यापुढं त्या मशीनचा एक स्क्रूसुद्धा कुणाला खोलू देऊ नका. तुमची अख्खी केस त्या वायरिंगवर उभी आहे.

डीलरचं म्हणणं असं की बाहेरच्या मेकॅनिकने हात लावल्यामुळं बिघाड झाला. पण बिघाड आधी की हात आधी? तुमच्याकडं डीलरच्या दुरुस्तीच्या दोन जॉबशीट आहेत ना, दोन्हीवर 'सेल्फ लागत नाही' असं त्यांच्याच माणसाने लिहिलंय आणि दोन्ही उद्यमनगरच्या आधीच्या तारखेच्या आहेत, त्यामुळं त्यांचा मुद्दा तिथंच लंगडा पडतो. दुसरं, नवी बॅटरी पण उतरली म्हणजे चार्जिंग होतंय का हे बघायला नको होतं? मी माझ्या एका मेकॅनिक पक्षकाराला विचारलं, तो म्हणाला इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलला मल्टीमीटर लावायचा, साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला पाहिजे, बाराच्या आसपासच राहिलं तर चार्जिंग कॉइल नाहीतर रेग्युलेटरकडं बघायचं. यात काही खोलावं लागत नाही, तेवढं करा आणि व्हिडिओ काढा. टक टक आवाजाचा पण काढा, मूळ फाइल मोबाईलमध्येच ठेवा, कारण मोबाईलवरचा पुरावा द्यायचा तर नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

आणि हो, व्हिडिओ काढताना आधी गन दाबून पंपातलं प्रेशर सोडा, मग स्टार्टर मारा. प्रेशर अडकलं असेल तर इंजिन जड जातं आणि समोरचा वकील लगेच म्हणणार, ह्यांना मशीन वापरता येत नाही. दोरी ओढली की चालू होतंय हे पण ते सांगतील. सांगू देत, सेल्फचे पैसे वेगळे मोजलेत की तुम्ही.

खरी अडचण दुसरीकडं आहे. धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असा आक्षेप येणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये स्पष्टीकरण आहे, स्वयंरोजगारातून फक्त पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी कारण' धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तर असंही म्हटलंय की मशीन चालवायला एकदोन माणसांची मदत घेतली म्हणून ग्राहकपण जात नाही. म्हणजे तो पोरगा चालतोय. पण तुमचं बिल 'सर्व्हिसेस' नावाने आणि जीएसटी नंबरवर आहे, ते मला आवडलेलं नाही, खोटं कशाला बोलू. तक्रारीत पोट यावरच आहे हे स्वच्छ लिहायचं आणि बँक पासबुक जोडायचं. वॉरंटी कार्डावर धंद्याच्या वापराला मुदत कमी दिलीय का तेही बघा, कितीतरी कंपन्या बारीक अक्षरात तसं छापतात.

बिलावर 'पुणे न्यायकक्षा' छापलंय त्याची काळजी नको, कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथं म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा, नाहीतर एकमेकांकडं बोट दाखवत बसतील. त्याआधी दोघांना स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस, मागणी दुरुस्ती किंवा बदली किंवा पैसे परत, शिवाय बुडालेल्या कामाची भरपाई. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग मशीन लॅबला पाठवू शकतो, खर्च आधी तुम्हालाच भरावा लागेल. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी असेल तर पाच असं लिहिलंय, प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चला. नोटिशीवरच मिटतंय का बघू, ६८ हजारांसाठी कंपनीला पण तारखा नको असतात.

बाकी ती काढलेली जुनी अर्थिंगची वायर वायरमनकडंच पडलीय म्हणालात, ती आजच्या आज जाऊन घेऊन या, आणि त्याच्याकडून काय काय केलं ते तारखेसह लिहून सही घ्या. उद्यमनगरात भंगारवाला रोज फिरतो.