कॉलनीच्या बागेत निलगिरीवर घारीनं घरटं केलंय, जवळ जाऊन बघितलं तर चालेल का?

बघा की, पण झाडाखाली उभं राहून नको. आमच्या परभणीच्या बागेत मी लांबच्या बाकड्यावरून दुर्बिणीनं बघायचो. घार महिनाभर अंडी उबवते. तेव्हा नुसती शेपटी दिसते, कंटाळा येतो. खरी मजा पिल्लं निघाल्यावर. काटक्यांत चिंध्या, सुतळी, प्लास्टिक असलं काहीबाही खोचलेलं असतं, त्यातून पांढुरकी डोकी वर येतात. दीडेक महिन्यानं घरट्याच्या काठावर पंख फडफडवून बघतात. याच दिवसांत घार माणसाच्या डोक्यावर झडप घालते. टोपी घाला, नाहीतर सरळ वाट बदला. ड्रोन अजिबात नको. आणि ‘घरटं पाडा’ म्हणणारे काका प्रत्येक कॉलनीत असतातच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, एवढं त्यांच्या कानावर घाला.