तिरकं छापलं म्हणजे जोर द्यायचा का?

प्रश्न: आमच्या शेजारच्या काकूंकडे इंग्लिश बायबल आहे, किंग जेम्सवालं. त्यातल्या २३व्या स्तोत्रात 'द लॉर्ड इज माय शेफर्ड' मधला 'इज' तेवढा इटॅलिकमध्ये छापलाय. इटॅलिक म्हणजे जोर असं शाळेत शिकलो, मग 'इज'वर कसला जोर? आणि मराठी टाइप करताना मी पण शब्द तिरके करतो, ते चालतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: अहो, तिथे जोर अजिबात नाहीये, उलटच आहे! मूळ हिब्रूत त्या ओळीत 'आहे'साठी शब्दच नाही, आपल्याकडे 'परमेश्वर माझा मेंढपाळ' एवढं म्हटलं तरी कळतं ना, तसंच. इंग्लिशला ते चालत नाही, म्हणून भाषांतरकारांनी 'इज' पदरचा घातला, आणि पदरचा आहे हे दिसावं म्हणून तो वेगळ्या टाइपात. किंग जेम्स म्हणजे बायबलचं जुनं इंग्लिश भाषांतर, त्याच्या १६११च्या पहिल्या आवृत्तीत मुख्य मजकूर जाड काळ्या गॉथिक अक्षरात होता आणि असे घातलेले शब्द बारीक रोमनमध्ये (म्हणजे आजच्या इंग्लिश पुस्तकातल्या साध्या सरळ अक्षरात), पुढे मजकूरच रोमन झाला तेव्हा हे इटॅलिकमध्ये गेले. त्यामुळे मोठ्याने वाचताना 'इज'वर आवाज चढवलात तर काकू हसतील.

मुळात इटॅलिक जोरासाठी जन्मलंच नाही. व्हेनिसच्या आल्डस मनुशियस नावाच्या छापखानेवाल्याने १५०१ मध्ये व्हर्जिल या प्राचीन रोमन कवीच्या कवितांचं हातात मावणारं पुस्तक अख्खं इटॅलिकमध्ये छापलं, त्याचे साचे फ्रांचेस्को ग्रिफोने कोरले ते त्या वेळच्या शिकलेल्या लोकांच्या झरझर हस्ताक्षरावरून. जोर, पुस्तकांची नावं, परके शब्द ही कामं त्याच्या गळ्यात नंतर पडली.

आता तुमचं मराठी. इंग्लिशच्या चांगल्या फाँटात इटॅलिक वेगळं काढलेलं असतं, छोटा 'ए' बघा, सरळ टाइपात त्याच्या डोक्यावर आकडा असतो, इटॅलिकमध्ये तो जाऊन नुसतं पोट आणि काठी उरते. देवनागरीच्या बहुतेक फाँटात असलं काही नसतं, कॉम्प्युटर सरळ अक्षरालाच ढकलून कलतं करतो, म्हणजे शिरोरेषा आडवीच आणि खाली काने मात्र पावसाळ्यातल्या कुंपणासारखे कलंडलेले, आणि शब्दाच्या शेवटी 'की' असेल तर वेलांटी जाऊन पुढच्या अवतरणचिन्हाला धडकते. मला तरी ते बघवत नाही (लग्नपत्रिकावाले ऐकणार नाहीत, ते सोडा). पुस्तकाचं नाव असेल तर एकेरी अवतरणात टाका, जोर द्यायचा असेल तर ठळक करा, नाहीतर सरळ 'च' लावा. 'मी सांगितलं'मधला 'मी' तिरका करत बसण्यापेक्षा 'मीच सांगितलं' लिहा की.