वाचकांचे प्रश्न : उकाडा, हादरे आणि रात्री रडणारा कुत्रा

प्रश्न : दिंडोरी तालुक्यातील आमच्या गावी मध्यंतरी रात्री भूकंपाचा सौम्य धक्का जाणवला. त्या दिवशी सकाळपासून हवा कोंदट होती, झाडाचे पानही हलत नव्हते, आणि धक्क्याच्या थोडे आधी आमचा कुत्रा रडू लागला होता. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की अशी हवा पडली म्हणजे धरणी हलायचीच. यात कितपत तथ्य आहे?
– एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : आपण एका पत्रात दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांची उत्तरे सारखी नाहीत.

आधी हवेचे पाहू. भूकंपाचा उगम जमिनीखाली काही किलोमीटर खोल असलेल्या खडकात होतो, आणि वरच्या उकाड्याची किंवा गारठ्याची झळ तेथपर्यंत पोहोचत नाही. आपल्या आठवणीतले तीन मोठे भूकंप ताडून पाहा. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनानगर हादरले ते ऐन थंडीतल्या पहाटे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीत आकांत झाला तो गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले असताना, पावसाळ्याच्या अखेरीस. आणि 26 जानेवारी 2001 रोजी भूज उद्ध्वस्त झाले तेव्हा हिवाळ्याची सकाळ होऊन ध्वजवंदनाची वेळ झाली होती. या तिन्ही दिवसांत कोंदट उकाड्याचा एकही नाही. नाशिककरांना एप्रिल-मे महिन्यांत आणि पाऊस ओढ देतो तेव्हा असे उकाड्याचे कितीतरी दिवस सोसावे लागतात. त्यांपैकी ज्या एका दिवशी जमीन हलते तेवढाच लक्षात राहतो, बाकीचे घाम पुसून आपण विसरून जातो.

मात्र हवा आणि पाणी यांत फरक केला पाहिजे. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय भरल्यानंतर त्या भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, हे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. साठलेल्या पाण्याचे वजन आणि भेगांमधून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा दाब, यांमुळे आधीच ताणाखाली असलेला खडक निसटू शकतो. कळवण, सुरगाणा, पेठ आणि दिंडोरी या आपल्या पट्ट्यात अधूनमधून जे लहान धक्के बसतात, किंवा पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर 2018 पासून जे हादरे सुरू झाले, त्यांचा विचार करतानाही अभ्यासक काळ्या कातळाच्या भेगांत मुरणारे पावसाचे पाणी लक्षात घेतात. असे धक्के उथळ असल्यामुळे तीव्रता कमी असूनही आवाज मोठा होतो, आणि ‘जमिनीतून गूढ आवाज’ अशी बातमी येते. तेव्हा घरच्या मंडळींना एवढे सांगा, की पावसाचा संबंध असलाच तर तो मुरलेल्या पाण्यामुळे आणि बराच उशिराने असतो. त्या दिवशीच्या उकाड्याचा त्यात काही हात नाही.

आता कुत्र्याचे. भूकंपाच्या वेळी खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली सौम्य असते आणि सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावते. घर गदागदा हलवणारी दुसरी लहर साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येते. धक्क्याचे केंद्र 50 किलोमीटर दूर असेल, तर दोहोंत सुमारे सहा सेकंदांचे अंतर पडते. ती पहिली थरथर माणसाला बहुधा कळत नाही. जमिनीला पोट टेकून झोपलेल्या कुत्र्याला कळू शकते. त्यामुळे आपला कुत्रा काही सेकंद आधी अस्वस्थ झाला असेल, तर मी ते खरे मानीन. तासभर आधीच रडत होता असे आपले म्हणणे असेल, तर मात्र शेजारच्या गल्लीत काय चालले होते, याची आधी चौकशी करावी लागेल. माझ्या घरच्या कुत्र्याच्या रात्रीच्या रडण्याची नोंद मी एकदा महिनाभर दिनदर्शिकेवर केली होती. जवळजवळ प्रत्येक तारखेवर फुली पडली आणि भूकंप एकही झाला नाही. घंटागाडीच्या भोंग्याशी मात्र त्याच्या रडण्याचे चांगलेच जुळले.

चीनमधील हायचेंगचा दाखला अनेकजण देतात. तेथे 4 फेब्रुवारी 1975 च्या भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढले गेले, आणि भर थंडीत बिळांतून बाहेर आलेल्या सापांची चर्चा झाली, हे खरे आहे. परंतु तेथे आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती आणि अधिकाऱ्यांना सावध करण्यात तिचा वाटा मोठा होता. पुढच्याच वर्षी, 28 जुलै 1976 रोजी, तांगशान शहर असा कोणताही इशारा मिळाल्यावाचून जमीनदोस्त झाले.

प्रश्न : ‘आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप’ असा संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आला. श्रावणात सप्तशृंग गडावर जाण्याचा आमचा बेत आहे. तो रद्द करावा काय?
– एक गृहिणी, इंदिरानगर

उत्तर : संदेशामुळे करू नये. दिवस आणि वेळ सांगून भूकंपाचे भाकीत करण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही. पावसाचा अंदाज मात्र काही दिवस आधी मिळतो, आणि श्रावणात नांदुरीच्या घाटात धुके व दरड यांचीच खरी काळजी असते. हवामान खात्याने जोरदार पावसाचा इशारा दिला असेल, तर बेत आठवडाभर पुढे ढकलावा.

प्रश्न : धक्का बसल्यास पिंजऱ्यातील पोपट आणि मांजर यांना घेऊन बाहेर कसे पळावे? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.
– एक वाचक, सिडको

उत्तर : पळूच नये. हादरे चालू असताना जिन्यात पडून मोडलेले हातपाय मी पाहिले आहेत. भक्कम टेबलाखाली बसावे, डोके झाकावे आणि हादरे थांबल्यावर गॅस बंद करून उतरावे. घाबरलेल्या मांजराला उचलू नये; ते ओरबाडते आणि कोठेतरी दडून बसते, तेच त्याच्या दृष्टीने बरे असते. खरी तयारी आजच करावयाची आहे : माळ्याच्या कडेला ठेवलेली पितळी घागर आणि डब्यांची उतरंड खाली घ्यावी, कपाट भिंतीला पट्टीने बांधावे. पोपट आपल्याकडचा हिरवा राघू असेल, तर त्याला पिंजऱ्यात ठेवणेच वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. त्याला परस्पर उडवून न देता वन विभागाशी बोलावे.

प्रश्न : 2027 च्या सिंहस्थात आमच्याकडे बरेच पाहुणे येणार आहेत. घर पंचवटीत आहे. एक कुत्रा आणि एक मांजर आहे. त्यांची सोय कशी करावी?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी, सोमवती अमावस्येला आहे. म्हणजे पर्वणी भर पावसाळ्यात. गोदावरीला पाणी किती चढले हे आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहून ओळखतोच. पाहुण्यांनाही ती खूण दाखवून ठेवावी. त्याच दिवशी दुपारनंतर सूर्यग्रहण असून ते आपल्याकडे खंडग्रास आहे. ग्रहण आणि भूकंप यांची सांगड घालणारे संदेश त्या आठवड्यात नक्की येतील. ते पुढे पाठवू नयेत. ढगांमुळे ग्रहण दिसण्याचीही मला फारशी आशा नाही.

कुत्र्याला गर्दी आणि ध्वनिक्षेपकांचा आवाज सोसणार नाही. त्याला गंगापूर रोडकडे किंवा सिन्नरला एखाद्या परिचिताकडे ठेवता येईल. मात्र आतापासून दोन-तीन वेळा एकेक रात्र तेथे मुक्कामाला नेऊन सवय लावावी आणि रेबीजच्या लसीचा दाखला सोबत द्यावा. मांजर हलवू नये, कारण ते माणसांपेक्षा घराला धरून असते. एक खोली त्याच्यासाठी बंद ठेवावी आणि तिची किल्ली पाहुण्यांतील लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.