करारावर सही होण्याआधी

चि. ——— हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शिक्षण खातं आणि विद्यापीठ मिळून दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांचं प्रशिक्षण सुधारणार, त्या संयुक्त समितीवर तुझं नाव गेलं आणि पहिल्याच बैठकीत तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही, हे वाचून हसू आलं. माझ्या पहिल्या बैठकीत मीही गप्प होते. समोर सामंजस्य कराराचा मसुदा होता आणि त्यात ‘मूल’ हा शब्द किती वेळा येतो ते मी मोजत होते. एकदा आला होता, परिशिष्टात. तेवढ्यात बैठक संपली.

तू विचारतेस, आग्रह नेमका कशाचा धरायचा? इतक्या वर्षांनी माझं उत्तर एकाच जागी येऊन थांबतं: सराव पाठ. छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, पहिल्यांदा एखाद्या मुलासमोर बसतो तेव्हा शेजारी कोण असतं, ते काय बघतं, आणि त्या बघण्यासाठी त्याला वेळ कोण देतं, हे करारात नसेल तर बाकीची पानं कितीही देखणी असोत, वर्गात काही हलत नाही.

का, ते एका चुकीवरून सांगते. चूक माझीच. मी पाठ निरीक्षणाला गेले होते. छात्राध्यापिका हुशार, टाचण नेटकं, साधनं स्वतःच्या हाताने केलेली. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका मुलाला ती चित्रं आणि शब्द यांच्या जोड्या लावायला शिकवत होती. मुलाने एकही जोडी लावली नाही, नुसता खुर्चीत मागेपुढे झुलत राहिला. मी वहीत शेरा मारला, ‘साधनांचा उत्तम वापर. विद्यार्थ्याचे लक्ष वेधून घेण्यास वाव.’ गुणही सढळ हाताने दिले. बाहेर पडताना वर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, हे शब्द तो गेल्या वर्षीपासून वाचतो. कंटाळला की झुलतो.’ मी विचारलं, मग तुम्ही तिला आधी सांगितलं का नाहीत? तर म्हणाल्या, ‘मला कोणी विचारलंच नाही. तुमच्या फॉर्मवर माझी फक्त सही लागते.’

ती सही माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. त्या मुलाला आज काय येतं, हे ज्या एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्याच्यासाठी आमच्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

हे असं का होतं ते बघ. पदवी विद्यापीठाची, शाळा आणि नोकरी सरकारची. सराव पाठ या दोघांच्या बांधावर येतो, आणि बांधावर खत कोणीच घालत नाही. मार्गदर्शक शिक्षिकेचा, म्हणजे त्या वर्गाच्या बाईंचा, पगार खातं देतं, पण ती करते ते काम विद्यापीठाचं. खात्याच्या लेखी ती आपला वर्ग सोडून भलत्याच उद्योगात असते, विद्यापीठाच्या लेखी सहीपुरती. तिच्या कार्यभारातले आठवड्याचे दोन-तीन तास अधिकृतपणे मोकळे करणं विद्यापीठाला शक्य नाही, ते सरकारच करू शकतं. उलट, त्या तासांत काय बघायचं आणि नवख्याला ते कसं सांगायचं याचं प्रशिक्षण तिला देणं, आणि तिच्या मताला गुणांत वजन देणं, हे विद्यापीठालाच जमेल. एकमेकांवाचून अडतं असं काम मला तरी हेच दिसलं. बाकी बरंचसं दोघं आपापल्या कचेरीत बसूनही करू शकतात.

समितीत कोणीतरी नक्की म्हणेल की सराव पाठांची संख्या वाढवा. संख्येला भुलू नकोस. वीस मुलांना एकेक पाठ दिला की वीस टाचणं होतात आणि एकही मूल कळत नाही. त्यापेक्षा एका मुलाबरोबर सलग दहा-बारा आठवडे राहायला मिळालं पाहिजे. त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा स्वतः लिहायचा, दर आठवड्याला प्रगतीची नोंद ठेवायची, तीन आठवडे आलेख हलला नाही तर मुलाला दोष न देता आपली पद्धत बदलायची, आणि शेवटी त्याच्या आईवडिलांसमोर बसून हे सगळं साध्या शब्दांत सांगायचं. शेवटची गोष्ट सगळ्यांत कठीण. पालकांशी बोलण्यावर आपण व्याख्यानं देतो, प्रश्न विचारतो, पण छात्राध्यापकाला त्याचा सराव कुठे मिळतो, सांग बरं?

आणि अभिप्राय त्याच दिवशी मिळायला हवा. महिन्याने वही परत आली की त्यातला शेरा म्हणजे इतिहास. काही ठिकाणी छात्राध्यापकाच्या कानात छोटंसं उपकरण असतं आणि मार्गदर्शक मागे बसून हळू आवाजात सांगतो, ‘थांब, त्याला उत्तर द्यायला वेळ दे.’ शिकवताना आपण किती घाई करतो हे माणसाला त्याच क्षणी कळतं, एरवी कळत नाही. उपकरणावाचून अडत नाही. पाठ संपल्यावर पंधरा मिनिटं दोघांनी बसायचं, एवढं वेळापत्रकात आलं तरी खूप झालं.

सरकार आणि विद्यापीठ एकत्र येण्याची ही काही पहिली खेप नव्हे. अमेरिकेत १९५८ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी विद्यापीठांना अनुदान देणारा कायदा झाला. त्यातली मला भावलेली गोष्ट अशी, की पैसा आधी शिक्षकांचे शिक्षक तयार करण्यासाठी होता. शिक्षकांना शिकवणार कोण, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा घेतला. १९६३ मध्ये इतर अक्षमताही त्यात आल्या. १९७५ साली प्रत्येक दिव्यांग मुलाला सार्वजनिक शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला, तोवर काही विद्यापीठांत या विषयाचे विभाग तरी उभे होते. तरी शिक्षक अपुरे पडले, आणि तिथे ती ओरड आजही आहे. म्हणजे नुसतं अनुदानही पुरत नाही, हे त्यांच्याकडून फुकट शिकून घे.

पुढे २०१३ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या पैशातून फ्लोरिडा विद्यापीठात सीडर नावाचं केंद्र सुरू झालं. राज्याचं शिक्षण खातं, विद्यापीठं आणि स्थानिक शाळा यांना एकत्र बसवून अभ्यासक्रम आणि शिक्षकाच्या परवान्याचे नियम बरोबरीने बदलायचे, असा त्यांचा खटाटोप. २०१७ मध्ये त्यांनी विशेष शिक्षकांच्या व्यावसायिक संघटनेच्या साथीने प्रत्येक विशेष शिक्षकाला यायलाच हव्यात अशा २२ कृतींची यादी काढली. यादी चांगली आहे, कारण त्यात शिक्षकाच्या अंगच्या गुणांचं कौतुक नाही, हाताने करायच्या गोष्टी आहेत. पण यादीचं पोस्टर व्हायला वेळ लागत नाही. त्यातली एकच कृती घे: मुलाला अभिप्राय देणं. ‘छान, शाब्बास’ म्हणणं म्हणजे अभिप्राय नव्हे. ‘तू आधी मोठी संख्या वर लिहिलीस, म्हणून उत्तर बरोबर आलं’ हा अभिप्राय. हे जिभेवर बसायला आठवडे लागतात. तुमच्या समितीने २२ कृती अभ्यासक्रमात कोंबण्यापेक्षा पाच निवडाव्यात आणि त्याच पाच विद्यापीठाच्या मूल्यमापनात आणि खात्याच्या निरीक्षण-पत्रकातही याव्यात. नाहीतर शिकताना एक आणि नोकरीत दुसरं, असं नव्या शिक्षकाचं होतं.

आता आकडे. अधिकारी रिक्त पदांचे आकडे काढून बसतात याचा तुला वैताग आलाय, हे पत्रातून कळलं. वैतागू नकोस, ते आकडे आपल्याकडे नसतात. इटलीने १९७७ च्या कायद्याने दिव्यांग मुलांसाठीचे वेगळे वर्ग बंद करून त्यांना सर्वांच्या वर्गात आणलं आणि जोडीला साहाय्यक शिक्षक दिला. त्या शिक्षकाचं विशेष प्रशिक्षण मुख्यतः विद्यापीठात होतं आणि कोणत्या विद्यापीठाला किती जागा हे मंत्रालय ठरवतं. ऐकायला किती नीटस वाटतं! तरीही त्या पदांवर विशेष प्रशिक्षण नसलेले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. प्रशिक्षणाच्या जागा दक्षिणेत जास्त आणि प्रशिक्षित शिक्षकांची चणचण उत्तरेत, हे तिथलं जुनं दुखणं. तेव्हा जागा किती एवढंच विचारू नकोस. कुठे, आणि कोणत्या मुलांसाठी, हेही विचार.

भारतात गाठ आणखी वेगळी आहे. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी भारतीय पुनर्वसन परिषद १९९२ च्या कायद्याने आली, ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. सर्वसाधारण शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद १९९३ च्या कायद्याची, ती शिक्षण मंत्रालयाकडे. मूल एक, घरं दोन. बरं, विशेष बी.एड.ची पदवी एका अक्षमतेची असते: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता वगैरे. पण १९९५ च्या कायद्यात ७ असलेले अक्षमतांचे प्रकार २०१६ च्या कायद्यात २१ झाले, आणि सर्वसाधारण शाळेत नेमलेल्या विशेष शिक्षकापुढे त्यातलं कोणतंही मूल येऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायचा आदेश दिला, आणि त्यानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवलं. आदेश सरकारला असतो, पण एवढे शिक्षक कोणत्या वर्गखोलीतून बाहेर पडणार याचं उत्तर विद्यापीठालाच द्यावं लागतं.

अशा वेळी टंचाईवर उतारा म्हणून सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा प्रस्ताव येतो. येईलच. नुसता विरोध करशील तर अडवणूक करणारी ठरशील, कारण समोरच्या माणसाकडे शिक्षकाविना बसलेली मुलं खरोखरच आहेत. त्याला म्हण, सहा आठवडे घ्या, पण ती सुरुवात धरा. नोकरी करता करता दोन वर्षं मार्गदर्शक सोबत द्या आणि तोवर कायम पात्रता देऊ नका. त्याच्या अडचणीला उत्तर दिलंस तर तो तुझी अट ऐकेल.

याच ओघात एक गोष्ट. आपले छात्राध्यापक नोकरीला लागले की आपण त्यांना विसरतो. कोण पहिल्याच वर्षी सोडून गेलं, कोणाला विशेष शिक्षक म्हणून घेतलं आणि कारकुनी कामाला लावलं, हे खात्याच्या नोंदींत असतं, विद्यापीठापर्यंत येत नाही. वर्षातून एकदा तरी ही माहिती अभ्यास मंडळापुढे यावी, असं कलम मागून घे. नावं नकोत, फक्त कुठे गेले, किती टिकले, कशाने गेले. माझी ती चित्रं-शब्दांवाली विद्यार्थिनी वर्षभरात नोकरी सोडून गेली, हे मला फार उशिरा आणि योगायोगाने कळलं.

विद्यापीठ तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे? आपल्यातल्या किती जणांनी गेल्या पाच वर्षांत एखाद्या मुलाला सलग महिनाभर शिकवलंय? मी नव्हतं शिकवलं. त्या झुलणाऱ्या मुलाच्या प्रसंगानंतर आठवड्यातून एक सकाळ त्याच शाळेत जायला लागले. पहिल्या महिन्यात मुलांनी माझी पार दाणादाण उडवली, आणि माझी व्याख्यानं आपोआप आखूड झाली.

आणि समितीत दिव्यांग शिक्षक एकही नाही, हे तू लिहिलं नाहीस, पण नावांच्या यादीवरून दिसतंय. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं २४ वं कलम दिव्यांग शिक्षकांना नेमण्याबद्दल स्पष्ट बोलतं. सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणाऱ्या शिक्षकांबद्दलही. सांकेतिक भाषेचा पेपर ऐकू येणाऱ्यांनीच काढायचा आणि ऐकू येणाऱ्यांनीच तपासायचा, हे किती दिवस चालवायचं?

सचिव चांगले आहेत म्हणतेस. असतील. त्यांची बदली होईल. म्हणून त्यांच्या शब्दावर काही सोडू नकोस. मार्गदर्शक शिक्षिकेचे तास शासन आदेशात यायला हवेत, तिच्या गुणांचं वजन विद्यापीठाच्या परीक्षा नियमांत. ज्याने-त्याने आपापल्या बांधील कागदावर आपला वाटा लिहिला, की सामंजस्य करार हरवला तरी चालतं. आमचा एकदा खरंच हरवला होता. कपाट बदलताना गेला, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या बैठकीला अजून तीन आठवडे आहेत म्हणालीस. त्याआधी एका सराव शाळेत जा, निरीक्षणाची वही न घेता. वर्गाच्या बाईंना विचार की तुमच्याकडे येणाऱ्या छात्राध्यापकांना पहिल्या दिवशी काय यायला हवं होतं आणि आलं नाही. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. मग त्यांनाच समितीवर घ्या म्हणून अध्यक्षांना पत्र टाक. बैठक मात्र सकाळी अकराची ठेवू देऊ नकोस. त्या वेळी त्या वर्गावर असतात. शाळा सुटल्यावर, आणि जमलं तर त्यांच्याच शाळेत.

तुझ्या
बाई