पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बुद्धिबळाचा पहिला जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याच्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा येथे घेतले आहेत. उत्तरे पट मांडून वाचावीत. घरांची नावे नेहमीचीच आहेत: पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच या उभ्या रांगा आणि पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ या आडव्या.

प्रश्न: काही ठिकाणी स्टाइनिट्झ १८६६ पासून जगज्जेता असल्याचे वाचले, काही ठिकाणी १८८६ पासून. खरे काय? आणि त्याच्या आधीचा मॉर्फी मग कोण?

१८८६ धरा. १८६६ मध्ये लंडनला स्टाइनिट्झने जर्मन खेळाडू अडॉल्फ अँडरसेनला ८-६ असे हरवले. चौदा डाव झाले आणि एकही बरोबरीत सुटला नाही. तेव्हापासून लोक त्याला सर्वांत बलवान खेळाडू मानू लागले, पण ते लोकमत होते, किताब नव्हता. अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीचेही तसेच. त्याने १८५८ मध्ये पॅरिसला याच अँडरसेनविरुद्ध ७ डाव जिंकले, २ हरले, २ बरोबरीत सोडवले. त्यानंतर लवकरच तो गंभीर खेळातून बाजूला झाला आणि १० जुलै १८८४ ला न्यू ऑर्लीन्समध्ये वारला. तो असेपर्यंत दुसऱ्या कोणी स्वतःला जगज्जेता म्हणवणे अवघड होते.

११ जानेवारी १८८६ ला न्यू यॉर्कमध्ये स्टाइनिट्झ आणि योहान्स झुकरटोर्ट समोरासमोर बसले, तेव्हा सामना जगज्जेतेपदासाठी आहे हे करारातच लिहिलेले होते. आधी १० डाव जिंकेल तो विजेता, बरोबरीचे डाव हिशेबात नाहीत. पहिल्या ३० चालींना २ तास, पुढे दर तासाला १५ चाली. प्रत्येक बाजूची पैज २,००० डॉलरची. सामना २९ मार्चला संपला: स्टाइनिट्झ १०, झुकरटोर्ट ५, बरोबरी ५. प्रागमध्ये १८३६ साली जन्मलेला हा माणूस किताब मिळाला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. पुढे चिगोरिनला दोनदा (१८८९ आणि १८९२, दोन्ही वेळा हवानात) आणि गुन्सबर्गला एकदा (१८९०-९१, न्यू यॉर्क) हरवून त्याने तो १८९४ पर्यंत राखला.

प्रश्न: त्या सामन्यात तो सुरुवातीला १-४ असा मागे होता म्हणतात. मग इतका पालटला कसा?

हो, न्यू यॉर्कमधल्या पाच डावांत पहिला जिंकून पुढचे चार त्याने सलग गमावले. सेंट लुईसच्या चार डावांत तीन विजय आणि एक बरोबरी अशी ४-४ बरोबरी साधली. न्यू ऑर्लीन्सच्या अकरा डावांत सहा जिंकले, फक्त एक हरला. झुकरटोर्टची तब्येत साथ देत नव्हती, हे खरे. पण तेवढ्यावर बोळवण करणे स्टाइनिट्झवर अन्याय आहे. सामना ४-४ वर आणणारा नववा डाव मांडून पाहा. काळी मोहरी स्टाइनिट्झची.

चाली अशा: १ डी४ डी५, २ सी४ ई६, ३ घोडा सी३ घोडा एफ६, ४ घोडा एफ३, आणि इथे काळ्याने डी५ च्या प्याद्याने सी४ मारले. ५ ई३ सी५, ६ उंटाने सी४ मारले, काळ्याने डी४ मारले, ७ ई३ च्या प्याद्याने ते परत मारले. आता पांढऱ्याचे डी४ वरचे प्यादे एकाकी आहे. सी आणि ई रांगेत त्याला राखणारे दुसरे प्यादे नाही. बदल्यात पांढऱ्याचे मोहरे मोकळे आहेत आणि त्याला हल्ला हवा आहे. त्या काळच्या बहुतेकांनी अशा स्थितीत पांढऱ्याची बाजू पसंत केली असती.

स्टाइनिट्झने आधी घोडा बी६ मार्गे डी५ वर आणून बसवला, म्हणजे ते प्यादे पुढे सरकायलाच नको. मग उंट १३ व्या चालीला डी७ वर आणि १५ व्या चालीला चक्क मागे ई८ वर! नवशिक्याला ही चाल भित्री वाटते. पण उंट तिथे एफ७ राखतो आणि डी रांग हत्तीसाठी मोकळी करतो. दोन कामे, एक चाल. १७ व्या चालीला काळ्याच्या घोड्याने सी३ वरचा घोडा मारला, पांढऱ्याने बी प्याद्याने परत मारले. आता एकाकी प्याद्याला शेजारी मिळाला, म्हणजे काळ्याने त्याचेच काम सोपे केले असे वाटेल. तसे नाही. २२ व्या चालीला सी३ चे प्यादे सी४ वर गेले आणि सी४-डी४ ही जोडी लोंबकळत राहिली. दोन्ही उघड्या रांगांवर, दोन्ही मोहऱ्यांनीच राखायची. काळ्याचे हत्ती सी८ आणि डी८ वर आधीच येऊन थांबलेले.

ई८ चा उंट बारा चाली जागचा हलला नाही. मग २७ व्या चालीला ए४, २९ ला सी६, ३१ ला थेट ई४ वर पांढऱ्या वजिराच्या अंगावर. शेवटी ३३ व्या चालीला पांढऱ्याने सी५ असे प्यादे ढकलले आणि काळ्या हत्तीने ते उचलले. डी४ च्या प्याद्याने हत्ती मारावा तर डी रांग उघडून काळा वजीर डी२ वरचा हत्ती घेतो. ३८ चालींत डाव संपला. "लहान लहान फायदे साठवणे" हे वाक्य सगळे ऐकतात, पण त्याचा अर्थ या डावात दिसतो: फायदा म्हणजे एखादे प्यादे खाणे नव्हे. समोरच्याचा एखादा मोहरा कायमचा पहारेकरी करून टाकणे, हासुद्धा फायदाच.

प्रश्न: माझी दहा वर्षांची मुलगी प्रत्येक डावात वजीर एच५ वर काढते, मग मोहरे बळी देत सुटते. कधी झटपट जिंकते, बऱ्याचदा हरते. स्टाइनिट्झच्या पद्धतीचा तिला उपयोग होईल का?

होईल, आणि याच वयात होईल. स्टाइनिट्झ स्वतः तरुणपणी असाच खेळायचा. व्हिएन्नात त्याला "ऑस्ट्रियाचा मॉर्फी" म्हणत. १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेपासून तो बदलला. त्याचे म्हणणे असे की डाव समतोल असताना केलेला हल्ला योग्य बचावापुढे फसलाच पाहिजे. हल्ला करायचा तर आधी कुठेतरी तोल आपल्या बाजूला झुकलेला हवा.

मुलीची चाल घ्या: १ ई४ ई५, २ वजीर एच५ घोडा सी६, ३ उंट सी४. इथे काळ्याने गडबडीत ३... घोडा एफ६ (आकड्यापुढची टिंबे म्हणजे काळ्याची चाल) केले तर वजीर एफ७ घेऊन मात. तिचे झटपट विजय बहुधा इथलेच असतील. पण काळ्याने ३... जी६ केले की ४ वजीर एफ३, आणि ४... घोडा एफ६. आता मोजा. काळ्याचे दोन घोडे बाहेर, सी६ चा घोडा डी४ वर उडी मारून वजिराला हाकलायला तयार. पांढऱ्याचा वजीर मात्र जी१ च्या घोड्याच्या हक्काच्या घरावर बसलेला. हल्ला संपला आणि उधारी उरली.

एक वही करून द्या. बळी देण्याआधी तिने पाच गोष्टी तपासायच्या: कुणाचे किती मोहरे बाहेर आले; कुणाचा राजा कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करून बसला आणि त्याच्यापुढची प्यादी शाबूत आहेत का; मध्याची चार घरे कुणाच्या ताब्यात; कुणाची प्यादी एकाकी, दुहेरी किंवा मागे राहिलेली; उघडी रांग कुणाच्या हत्तीकडे. सुरुवातीला याला पाचेक मिनिटे लागतील, म्हणून सराव घड्याळ न लावता करावा. महिनाभराने ती हे मनातल्या मनात करू लागेल.

मग दुसरा टप्पा शिकवा, जो बरेच प्रशिक्षक गाळतात. काही फायदे टिकाऊ असतात, काही विरघळतात. प्यादे एकाकी पडले की पडले, दहा चालींनंतरही ते तसेच असते. पण आपले दोन मोहरे जास्त बाहेर आहेत हा फायदा समोरच्याला तीन-चार चाली दिल्या की गेला. म्हणून स्टाइनिट्झने उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगितली: ज्याच्याकडे फायदा आहे त्याने हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर फायदा निसटतो. हे सांगितले नाही तर मुले दुसऱ्या टोकाला जातात, पहिल्या दोन ओळींत मोहरे दाबून बसतात आणि त्यालाच भक्कम खेळ समजतात. तिची धडाडी मारू नका, तिला जागा दाखवा.

प्रश्न: मग स्टाइनिट्झ गँबिटमध्ये तो स्वतःचा राजा पाचव्या चालीला ई२ वर का आणतो? आम्ही खेळावे का?

गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊ करून बदल्यात खेळ मिळवणे. १ ई४ ई५, २ घोडा सी३ घोडा सी६, ३ एफ४ आणि काळा एफ४ घेतो, ४ डी४ वजीर एच४ शह, ५ राजा ई२. त्याचा हिशेब असा: डी४-ई४ ही प्याद्यांची जोडी मध्य व्यापते, घोडा एफ३ वर आला की काळ्या वजिराला पळावे लागते, आणि राजा हा नुसता लपवायचा मोहरा नाही, तो स्वतःचा बचाव करू शकतो. तत्त्व बरोबर, पण इथे ते जरा ताणले गेले आहे. काळा ५... डी५ करून, ६ व्या चालीला ते प्यादे मारले की उंट जी४ शह आणि ७ घोडा एफ३ नंतर मोठे कॅसलिंग करतो. किंवा ५... बी६ करून उंट ए६ वरून शह देतो. दोन्हीकडे पांढऱ्याला एकेक चाल अचूक शोधावी लागते. स्पर्धेत खेळू नका, घरी जरूर खेळा.

तरी १८८६ चा शेवटचा, विसावा डाव त्याने याच गँबिटने जिंकला. झुकरटोर्टने चौथ्या चालीला डी५ केले, शह खात राजा ई२, एफ२ असे करत जी२ वर पोचला, आणि वाटेत एच रांग उघडली. एच१ चा हत्ती जागेवरूनच कामाला लागला. १७ व्या चालीला त्याने एच६ वरचा घोडा मारला. काळ्याने जी७ च्या प्याद्याने हत्ती घेताच ई४ चा घोडा एफ६ वर शह देत पडला, राजा आणि जी४ वरचा वजीर दोन्ही माऱ्यात. एफ६ राखणारे दोघे होते: जी७ चे प्यादे बाजूला ओढले गेले, आणि ई७ चा उंट ई१ वरच्या वजिरामुळे राजापुढे खिळलेला. १९ चालींत डाव आणि सामना दोन्ही आटोपले.

हट्टाची दुसरी बाजूही आहे. १८९०-९१ मध्ये तारेने खेळलेल्या दोन डावांत त्याने चिगोरिनविरुद्ध स्वतःच्या लाडक्या चाली सिद्ध करायचा प्रयत्न केला आणि दोन्ही हरला. त्यातली 'दोन घोड्यांचा बचाव' या सुरुवातीतली ९ घोडा एच३ ही चाल मात्र पुढे जगज्जेता झालेल्या फिशरने १९६३ मध्ये पुन्हा खेळून जिंकून दाखवली.

प्रश्न: हेस्टिंग्ज १८९५ मधल्या फॉन बार्डेलेबेनविरुद्धच्या डावात ई७ वरचा हत्ती काळ्याला मारता का येत नाही?

२२ व्या चालीला हत्तीने ई७ चा घोडा मारून शह दिला, ती स्थिती मांडा. पांढरा: राजा जी१, वजीर जी४, हत्ती सी१ व ई७, घोडा जी५, प्यादी ए२, बी२, एफ२, जी२, एच२. काळा: राजा ई८, वजीर डी७, हत्ती ए८ व सी८, प्यादी ए७, बी७, डी५, एफ६, जी६, एच७.

वजिराने हत्ती मारला तर पांढरा सी८ वर हत्ती मारतो, शह. ए८ च्या हत्तीने परत मारले की वजीर तो घेतो, पुन्हा शह. हिशेबाअंती पांढरा एका घोड्याने वर. राजाने मारला तर सी१ चा हत्ती ई१ वर शह देतो, आणि राजा डी६ ला गेला की वजीर बी४ शह. उघड्यावरचा राजा वाचत नाही.

म्हणून काळ्याने राजा एफ८ केला, आणि इथे खरी गंमत आहे. पांढऱ्याचे चारही मोहरे माऱ्यात आहेत, शिवाय सी१ वर मारून मात करण्याची धमकी. पांढऱ्याने हावरटपणे डी७ चा वजीर घेतला तर काळा हत्ती सी१ वर पडतो आणि पहिल्या ओळीत मात. म्हणून पांढऱ्याला प्रत्येक चाल शह देऊनच करावी लागते: २३ हत्ती एफ७, २४ हत्ती जी७, २५ हत्तीने एच७. प्रत्येक वेळी तोच पेच: राजाने मारले तर डी७ चा वजीर शहासकट जातो, वजिराने मारले तर सी८ चा हत्ती. बार्डेलेबेन काही न बोलता सभागृहातून निघून गेला आणि त्याची वेळ संपली. त्यानंतर स्टाइनिट्झने उरलेली दहा चालींची मात दाखवली. वय ५९, किताब जाऊन वर्ष उलटलेले.

प्रश्न: शेवटी तो वेडाच्या भरात "देवाशी खेळतो आणि त्याला एक प्यादे देतो" म्हणायचा, हे खरे का?

या गोष्टीला त्या काळचा भक्कम पुरावा नाही. ती पसरवू नये, कारण तिच्यामागे एका आजारी माणसाचे हाल झाकले जातात. १८९४ मध्ये ५८ वर्षांचा स्टाइनिट्झ २५ वर्षांच्या लास्करकडून हरला (५ विजय, १० पराभव, ४ बरोबरी). मॉस्कोतल्या १८९६-९७ च्या परतीच्या सामन्यात फक्त दोन डाव जिंकले, दहा गमावले. त्यानंतर तिथेच त्याचे मानसिक संतुलन ढळले आणि काही आठवडे रुग्णालयात काढावे लागले. तरी तो खेळत राहिला, कारण पोट त्यावरच होते. १८९९ च्या लंडन स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले नाही. १२ ऑगस्ट १९०० ला न्यू यॉर्कच्या वॉर्ड्स आयलंडवरील मनोरुग्णालयात तो गरिबीत वारला.

त्याला हरवणारा लास्करच पुढे त्याच्या विचारांचा मोठा भाष्यकार झाला. जर्मन खेळाडू टारॅशने त्यांचे नियम केले, आणि आजही बुद्धिबळाचे वर्ग "दुबळे घर", "उंटांची जोडी", "उघडी रांग" या शब्दांवर चालतात. डाव पाहायचेच असतील तर आधी १८८६ चा नववा, मग विसावा, शेवटी हेस्टिंग्ज. नवव्यात १५ व्या चालीला ई८ वर थांबा आणि पुढची चाल उघडण्याआधी तो उंट कुठे निघणार हे वहीत लिहा.